नजरेचा अंक

"काकू, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तो अंक माझ्याकडे द्या आणि निवांत घरी जा," धनराज म्हणाला.

"अंक साहेबांच्याच हातात द्यायचा असतो. थांबते मी," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तुमच्या पेपरचे एकेक नियम. आमच्याकडे खात्याच्या फायलीसुद्धा माझ्याच हातात येतात."

"त्या फायलींना दीडशे वर्षं नाही झाली अजून."

धनराज हसला आणि आत गेला. तो चांदवडकडचा, आमदारसाहेबांचा स्वीय सहायक. वागायला गोड, पण साहेबांच्या दारात कुणाला किती वेळ बसवायचं हे तोच ठरवी.

गंगापूर रोडवरच्या त्या संपर्क कार्यालयात सकाळपासून माणसांची रीघ होती. कुणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी होती, कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी. वत्सलाबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर मांडीवर लाल रुमालाचं बोचकं धरून बसल्या होत्या. पातळाचा पदर नीट खांद्यावरून घेतलेला, चष्म्याची दोरी गळ्यात. बघणाऱ्याला वाटावं, बाई देवीची ओटी घेऊन आल्यात.

रुमालात ‘बोधदीपिका’ साप्ताहिकाचा वर्धापनदिनाचा अंक होता. पहिला, आणि आतापर्यंत छापलेला एकुलता एक.

ही रीत पत्राचे संस्थापक सखारामपंत मुळे यांच्या काळातली. त्या वेळी नाशकात शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर मजकूर उलटा उतरवून, पत्रं छापत. वर्गणीदार वर्गणी बुडवत. कागद मुंबईहून यायचा आणि त्याचे पैसे आधी मोजावे लागत. पंतांना एका जहागीरदारांनी हात दिला. हात देताना एकच अट घातली, वर्षाचा मोठा अंक आधी आमच्या नजरेखालून जाईल. तेव्हापासून वर्धापनदिनाची पहिली प्रत लाल रुमालात बांधून आश्रयदात्याच्या घरी जायची. त्यांनी ती पाहून ‘जाऊ द्या’ म्हटलं की मग यंत्र सुरू व्हायचं. छापखान्यातली माणसं त्या प्रतीला नजरेचा अंक म्हणत. जहागीरदार गेले. मग इंग्रज अधिकारी आले, ते गेले, मग कारखान्यांचे आणि बँकांचे चेअरमन आले. रुमाल कितीदा फाटला आणि नवा शिवला गेला. रंग मात्र लालच राहिला.

वत्सलाबाईंचे यजमान, देवळ्याचे रावजी आहेर, हा रुमाल नेत असत. ते गेल्यावर संपादक दिगंबर मुळे, म्हणजे पंतांचे खापरपणतू, घरी आले आणि म्हणाले, "वत्सलाबाई, तुम्ही उद्यापासून ऑफिसात या." आधी त्या अंकांच्या घड्या घालत, वेष्टनं चिकटवत. मग हिशेब, मग जाहिराती. आता ऑफिसात दिगंबरदादा आणि त्या, दोघंच उरले होते. वेष्टनांवरचे पत्तेही कमी होत चालले होते. दर महिन्याला एखाददुसरा अंक पोस्टमनच्या अक्षरातला ‘मयत’ असा शेरा घेऊन परत येई. तो अंक वत्सलाबाई रद्दीत टाकत नसत. कपाटात वेगळा ठेवत.

या वर्षी पत्राला दीडशे वर्षं झाली. जाडजूड अंक काढायचा तर पैसा हवा, तो कुठून आणायचा? साहेब म्हणाले, "सगळा खर्च माझा." पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि ‘विकासपर्वाचा शिल्पकार’ असा मथळा. दिगंबरदादांनी तो मजकूर स्वतःच्या हातानं लिहिला. लिहून झाल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले होते.

वत्सलाबाईंना काळजी होती ती मात्र पहिल्या पानाची नव्हती. आत, तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात लहानूची बातमी होती.

लहानू पेठ तालुक्यातल्या वडपाड्याचा. भात-नागली करायची, पीक निघालं की द्राक्षाच्या कामाला जायचं, आणि मधल्या वेळात ‘बोधदीपिके’ला बातम्या पाठवायच्या. पाड्यावर नळयोजनेची टाकी बांधून झाली, निळा रंग झाला, साहेबांच्या हस्ते नारळ फुटला. टाकीत पाणी मात्र आलंच नाही. बायाबापड्या अजून दरीतल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. लहानूनं एवढंच लिहिलं होतं. ठेकेदाराचं नाव नव्हतं. पण तो साहेबांचा मेहुणा आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

"राहू द्या," दिगंबरदादा प्रूफ बघताना म्हणाले होते. "आत आहे, तळाशी आहे. एवढं बारीक कोण वाचतंय."

धनराज वाचेल, हे वत्सलाबाईंना तेव्हाच कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत, कारण बोलल्या असत्या तर दादांनी बातमी काढली असती.

आणि आज शुक्रवार, टपालाचा वार. साप्ताहिकांना सवलतीचं टपाल मिळतं ते ठरलेल्या वारी टाकलं तरच. वार चुकला की अर्ज, विनंत्या, दंड. अंबडच्या छापखान्यात प्लेटा यंत्रावर चढवून नजीरभाई त्यांच्या फोनची वाट बघत होता.

आतलं दार उघडलं आणि साहेब घोळक्यासह बाहेर आले.

"अरे, वत्सलाताई, तुम्ही कधीच्या बसलात? धनराज, ताईंना चहा दिला का?"

"दिला साहेब."

त्यानं दिला नव्हता. वत्सलाबाई उठल्या, रुमाल दोन्ही हातांवर घेऊन पुढे झाल्या. साहेबांनी चपला काढल्या, रुमाल दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. घोळक्यातल्या एकानं मोबाइलवर फोटो काढला.

"दीडशे वर्षं," साहेब सगळ्यांना म्हणाले. "ही आपल्या नाशिकची श्रीमंती आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपल्या रोशनीचं लक्षात आहे बरं का. सोमवारी कंपनीत जातोय मी. कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव असेल. पोरगी गुणी आहे."

रोशनी वत्सलाबाईंची मुलगी, अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेली. वडील गेल्यावर तिला तिथं चिकटवलं ते याच साहेबांच्या शब्दानं. ते उपकार खोटे नव्हते. कायम झाली की पगार वाढणार, पीएफ, आईचा दवाखाना, सगळंच मिळणार होतं.

"उपकार आहेत साहेब," वत्सलाबाई म्हणाल्या.

"उपकार कसले. घरचंच आहे." साहेबांनी गाठ न सोडताच रुमाल धनराजच्या हातात दिला आणि ते गाडीकडे गेले.

धनराजनं रुमाल सोडून टेबलावर अंक पसरला. पहिलं पान त्यानं मान डोलावत बघितलं. दुसरं उलटलं. तिसऱ्या पानावर त्याचं बोट वरून खाली सरकत गेलं आणि तळाशी थांबलं. ओठ हलवत त्यानं बातमी वाचली, मग पुन्हा वाचली.

"काकू, हे काय आहे?"

"बातमी आहे."

"ती दिसली. आमच्या पैशानं, आमच्याच पानामागे?" आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "विरोधकांच्या हातात कोलीत दिलंत ना तुम्ही. काढा ही."

"लहानू खोटं लिहीत नाही. टाकी कोरडी आहे."

"कोरडी आहे तर भरेल. बातमी छापून भरणार आहे का?" त्यानं फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "दिगंबरराव, नमस्कार. तिसऱ्या पानावर खाली एक बारीकसं आहे…"

पलीकडून दादांचा आवाज आला, सर्दी झाल्यासारखा. "हो. ती जुनी आहे. राहून गेली. काढतो."

"बघा, समजूतदार माणूस. आणि काकूंना सांगा, उगाच माझ्याशी वाद घालू नका."

वत्सलाबाई फरशीवरच्या नक्षीकडे बघत राहिल्या.

धनराज आता खुशीत आला होता. तो पानं उलटत मागच्या पानाशी पोचला. तिथं दादांनी ‘बोधदीपिके’च्या पहिल्या अंकाचं पहिलं पान जसंच्या तसं छापलं होतं. वर दिव्याचं चित्र आणि खाली चौकटीत ‘आश्रयदाते’ म्हणून नावांची यादी. श्रीमंत जहागीरदार यांजकडून प्रेसच्या दगडाबद्दल. शाळाखात्याकडून शाळांकरिता प्रती घेतल्याबद्दल. भांडीबाजारातील तांबट मंडळींकडून शाईबद्दल.

"हे भारी आहे," धनराज म्हणाला. "आश्रयदाते. राजेमहाराजे, सरकार. आणि आमच्या साहेबांचं नाव कुठंय?"

"ही यादी तेव्हाची आहे, धनराज."

"मग आत्ताची करा. हीच चौकट, पहिल्या पानावर, फोटोच्या खाली. साहेबांचं नाव सगळ्यात वर. फ्रेम करून इथं भिंतीला लावू. साहेबांना असलं ऐतिहासिक लय आवडतं."

"या यादीत नुसतं नाव नसतं. कशाबद्दल दिलं ते पुढं लिहावं लागतं. तशी रीत आहे."

"मग लिहा की. साहेबांनी दिलंय ते दिलंय. लपवायचं काय त्यात?" त्यानं अंकाची घडी घातली, रुमालासकट त्यांच्या हातात दिली. "एवढे दोन बदल करा आणि जाऊ द्या. टपाल गाठा. आणि काकू," तो उठता उठता म्हणाला, "सोमवारची यादी मीच टाइप करतोय. रोशनीचं नाव विसरणार नाही. विसरायला लावू नका."

रिक्षा सिडकोमार्गे अंबडकडे निघाली. वत्सलाबाईंनी रुमाल मांडीवर घट्ट धरला होता. त्यांना दिगंबरदादांचा राग येत नव्हता. सर्दी झाल्यासारखा तो आवाज मात्र कानातून जाईना. या माणसानं पत्र चालवायला आधी वडिलोपार्जित यंत्र विकलं, मग घराचा पुढचा गाळा भाड्यानं दिला. पूर्वी तो नगरपालिकेच्या सभेत उभा राहिला की पुढारी पाणी मागवायचे. आता तो ‘राहून गेली’ म्हणतो.

दसऱ्याला ऑफिसात जुन्या अंकांच्या बांधीव फाइली खाली काढून, पुसून, त्यांची पूजा करत. गेल्या दसऱ्याला दादांनी एक फाइल उघडून वत्सलाबाईंना जवळ बोलावलं होतं. दुष्काळानंतरचा कधीचा तरी अंक होता तो. त्याच आश्रयदात्यांच्या चौकटीत एक ओळ होती, ‘श्रीमंत जहागीरदार यांजकडून कागदाचा खर्च, दत्तकाविषयीचा मजकूर न छापण्याबद्दल.’

"हे असं छापलं पंतांनी?" वत्सलाबाईंनी विचारलं होतं.

"छापलं. पंत काही देवमाणूस नव्हते हो. त्यांना लोक निर्भीड म्हणतात, पुतळा बसवा म्हणतात. पण ते घ्यायचे. सरकारकडूनही घ्यायचे, जहागीरदाराकडूनही. फक्त घेतलं ते छापायचे. गप्प बसण्याबद्दल घेतलं तर तेही छापायचे. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे म्हणायचे, आपण कुणाचं खातो ते."

"मग जहागीरदार?"

"त्यांनी पुढच्या महिन्यापासून कागद बंद केला. पंतांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या." दादा हसले होते आणि फाइल मिटून म्हणाले होते, "पुढच्या पिढ्यांनी ती चौकट काढून टाकली. बरं दिसत नाही म्हणून. घ्यायचं कुणी थांबवलं नाही."

रिक्षावाल्यानं ब्रेक मारला तशा वत्सलाबाई भानावर आल्या. छापखान्याच्या अलीकडेच रोशनीच्या कारखान्याचं फाटक होतं. जेवणाची सुट्टी संपत आली होती. पोरी निळ्या कोटात फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी रिक्षा थांबवली.

रोशनी लगबगीनं आली. हातात डबा, डब्याच्या पिशवीची चेन तुटलेली, म्हणून पिशवी पोटाशी धरलेली. "आई, तू इथं? झालं का साहेबांकडचं?"

वत्सलाबाईंनी तिला कडेला घेतलं आणि सगळं सांगितलं. बातमी, चौकट, धनराजचा शेवटचा शब्द. आणि मनात काय येतंय तेही.

रोशनीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "तुझा पेपर वाचतं कोण आई? पोस्टमन तरी वाचतो का?"

"कुणी वाचत नाही तर बातमी काढायला का लावतात?"

"मला नको सांगू हे. माझ्याबरोबरच्या तिघी कायम झाल्या. मी रोज गेटवर ठेकेदाराचा पास दाखवून आत जाते. तुला माहीत आहे कसं बघतात ते?"

"माहीत आहे."

"तू मला सांगायला आलीस का विचारायला?"

"विचारायला."

रोशनी फाटकाकडे बघत राहिली. आत भोंगा वाजला, पोरी सरकू लागल्या. "मग विचारू नकोस," ती म्हणाली. "विचारलंस तर मी नाहीच म्हणणार. मला तेवढं मोठं मन नाही. पप्पांनी काय केलं असतं तेही मला सांगू नकोस." दोन पावलं जाऊन ती वळली. "जेवलीस का तू?"

"नाही."

तिनं डब्यातली एक पोळी काढून, गुंडाळी करून आईच्या हातात दिली आणि पळत आत गेली.

छापखान्यात यंत्र बंद होतं. नजीरभाई कॉम्प्युटरपाशी स्टुलावर बसला होता. जुन्या नाशकातला, ‘बोधदीपिके’च्या छापखान्यात रावजींबरोबर शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवून मोठा झालेला. खिळे गेले, यंत्र विकलं, तसा तो इथं आला. पण ‘बोधदीपिके’चं पान अजून तोच लावी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"वहिनी, टपाल चुकवायचं का आज? केवढा टाइम लावला."

"पान फोडून पुन्हा लावावं लागतंय, नजीरभाई."

त्यांनी तिसऱ्या पानावरची बातमी दाखवली. नजीरभाईनं ती वाचली आणि काढून टाकली. तिथं वर्गणीदार व्हा अशी आपलीच जाहिरात बसवली. मग पहिलं पान घेतलं. फोटो थोडा वर सरकवला, खाली चौकट आखली. ‘आश्रयदाते’. साहेबांचं नाव, पदासह.

"पुढे?"

वत्सलाबाईंनी दादांना फोन लावला. नजीरभाईकडे त्यांनी पाठ केली होती.

"दादा, बातमी काढली."

"बरं."

"साहेबांचं नाव आश्रयदात्यांच्या चौकटीत घालायला सांगितलंय. जुन्यासारखी चौकट, पहिल्या पानावर."

"ऐकलं मी. धनराजचा परत फोन आला होता. घाला."

"नावापुढे कशाबद्दल म्हणून लिहू?"

पलीकडे ऑफिसातला पंखा घरघरत होता. तो आवाज बराच वेळ तेवढाच येत राहिला.

"धनराज काय म्हणाला?"

"म्हणाला, दिलंय ते लिहा. लपवायचं काय त्यात."

दादांनी विचारलं, "रोशनीचं सोमवारी आहे ना?"

"हो."

"तिला विचारलंत?"

"विचारू नकोस म्हणाली."

दादांनी घसा साफ केला. सर्दीचा आवाज गेला होता. "वत्सलाबाई, पंतांच्या वेळी लिहायचे तसं लिहा. आणि टपाल चुकवू नका." फोन बंद झाला.

वत्सलाबाई वळल्या. एकेक शब्द सावकाश सांगत गेल्या. नजीरभाईची बोटं चालत होती ती मध्येच थांबली.

"वहिनी. सोच के बोलताय ना?"

"पुढे लिहा. मजकूर न छापण्याबद्दल."

त्यानं लिहिलं. कागदावर प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. साहेबांच्या नावापुढे ओळ होती, ‘यांजकडून या अंकाच्या छपाईचा संपूर्ण खर्च, पेठ तालुक्यातील वडपाडा येथील पाण्याच्या कोरड्या टाकीविषयीचा मजकूर न छापण्याबद्दल.’

"मालक उद्या माझी चामडी काढणार," नजीरभाई म्हणाला. "तुम्ही ‘छापावे’ लिहून सही द्या. मी म्हणेन, पार्टीची ऑर्डर होती. आपण काय, हुकमाचे ताबेदार." मग हळूच म्हणाला, "रावजी असता तर हसला असता, साला."

प्रूफावर ‘छापावे’ लिहून सही करायचा मान संपादकाचा. इतक्या वर्षांत वत्सलाबाईंनी शेकडो सह्या जमा केल्या, एकही केली नव्हती. त्यांनी पोळीचा हात पदराला पुसला. ‘छापावे’ लिहिलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, वत्सला रावजी आहेर.

नव्या प्लेटा चढल्या, यंत्र सुरू झालं. गठ्ठे गरम असतानाच त्यांनी घड्या घालायला घेतल्या. नजीरभाईनंही बाही वर सारली. वेष्टनं चिकटली, पोती शिवली, रिक्षात पडली. पोस्टातल्या बाबूनं घड्याळाकडे बघत, कुरकुरत गठ्ठे आत घेतले आणि खिडकी लावली.

त्या रात्री रोशनीनं काही विचारलं नाही, वत्सलाबाईंनी सांगितलं नाही. दोघींनी खिचडी खाल्ली.

अंक शनिवारी पोचले. रविवारपर्यंत कुणीतरी त्या चौकटीचा फोटो काढून मोबाइलवर सोडला होता. पेपर वाचत नसलेल्यांनीही तो वाचला. धनराजचा फोन आला तेव्हा वत्सलाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"काकू, तुम्ही साहेबांच्या तोंडाला काळं फासलं."

"मी काही जास्तीचं लिहिलं का, धनराज? तूच म्हणालास, लपवायचं काय त्यात."

"साहेब म्हणतात, खर्चाचा एक पैसा मिळणार नाही. आणि बाकीचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

दादांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "पैसे आले नाहीत तर पुढच्या अंकात तसं छापावं लागेल. खर्च मिळाला नाही म्हणून. चौकट आता बंद करता येणार नाही." मग त्यांनी कपाटाकडे बघितलं, जिथं पंतांच्या वेळच्या फाइली होत्या. एका संस्थेनं त्या मागे विकत मागितल्या होत्या. दादा तेव्हा भांडले होते त्यांच्याशी. आता त्यांनी त्या संस्थेचं कार्ड शोधायला टेबलाचा खण ओढला. वत्सलाबाई चहा करायला उठल्या.

सोमवारी लहानूचा फोन आला. वाऱ्याचा आवाज होता, टेकडीवर चढून बोलत असावा.

"बाई, माझी बातमी नाय छापली."

"नाही छापता आली, लहानू."

"पण टाकीचं नाव पयल्या पानावर हाय. साहेबाच्या फोटोखाली." तो हसला. "कालच्याला माणसं आलती जीप घेऊन. टाकीवर चढली, आत वाकून बघितलं, फोटो काढलं."

"पाणी?"

"पाणी नाय अजून. पण बाया अंक घेऊन फिरत्यात घरोघर. वाचता येत नाय त्यांना, बोट ठेवून दाखवत्यात, हे बघ आपली टाकी."

संध्याकाळी रोशनी घरी आली. कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला. मग ओट्याला टेकून म्हणाली, "यादी लागली."

वत्सलाबाई भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"नाही," रोशनी म्हणाली. "सुपरवायझर म्हणाला, ठेक्यावर राहायचं तर राहा. उद्यापासून सकाळपाळी." तिनं एक शेंग उचलून मोडली. "नजीरकाका भेटले होते गेटवर. म्हणाले, तुझ्या आईची सही आम्ही जपून ठेवली."

वत्सलाबाईंनी पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या. दोघींनी मिळून भाजी निवडली.

सकाळी त्या उठल्या तर रोशनी स्वयंपाकघरात डबा भरत होती. पिशवीची चेन पुन्हा अडकली होती. तिनं ओढून बघितली, सोडून दिली आणि इकडे तिकडे बघितलं. दोरीवर लाल रुमाल वाळत होता. वत्सलाबाईंनी तो धुऊन टाकला होता. दर वर्षी अंक झाला की धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवायचा असे, पुढच्या वर्षीसाठी.

"आई, हा घेऊ का डब्याला?"

वत्सलाबाईंनी रुमालाकडे पाहिलं. उन्हात त्याचा रंग उडाल्यासारखा दिसत होता.

"घे," त्या म्हणाल्या. "गाठ घट्ट मार. वरण सांडेल."

रोशनीनं डबा मधोमध ठेवला, चारी टोकं उचलली आणि गाठ मारली. चपला सरकवून ती बाहेर पडली. वत्सलाबाई दारात उभ्या राहिल्या. सिडकोच्या त्या अरुंद गल्लीत निळ्या कोटाच्या कडेला तो लाल रुमाल हिंदकळत गेला, कोपऱ्यावर कंपनीच्या बसला हात दाखवताना जरा वर उचलला गेला, आणि वळला.